शेजाऱ्याचें नांव आणि राज्याचें नांव

कोंकणच्या माणसाला ‘इस्राएल’ हा शब्द प्रथम ठाऊक झाला तो राज्याचें नांव म्हणून नव्हे, शेजाऱ्याचें नांव म्हणून. तेलाचा घाणा चालविणारे व शनिवारीं तो बंद ठेवणारे, म्हणून ज्यांना गांवकरी ‘शनवार तेली’ म्हणत, ते बेने इस्राएल लोक कुलाबा व ठाणें जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या नांदत आले. नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटलें, सात जोडपीं वांचलीं आणि त्यांच्यापासून आपली जमात वाढली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. गांवांवरून त्यांनीं आडनांवें घेतलीं. दिवेकर, राजपूरकर, चेऊलकर हीं आडनांवें ऐकून कोणाच्या मनांत परकेपणा उभा राहात नाहीं. अलिबागेंत त्यांच्या वस्तीला इस्राएल आळी म्हणतात. इस्राएल नांवाचें अर्वाचीन राज्य मात्र अस्तित्वांत आलें तें १९४८ सालीं.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आज एकमेकांत मिसळूं लागले आहेत, आणि त्यांतून एक नैतिक प्रश्न निर्माण झाला आहे. जून २०२५ मध्यें गाझांतील संहाराविरुद्ध मुंबईंत सभा घेण्यास पोलिसांनीं डाव्या पक्षांना परवानगी नाकारली. जुलैंत उच्च न्यायालयानें त्यांची याचिका फेटाळली. आपल्या देशांत प्रश्न थोडे नसतां हजारों मैलांवरील प्रश्नांकडे कां पाहतां, अशा आशयाचा शेराही मारला. ऑगस्टमध्यें मात्र परवानगी मिळाली आणि आझाद मैदानावर सभा झाली. अशा सभेस जाणाऱ्या, किंवा तिची हकीकत घरीं बसून वाचणाऱ्या, विचारी माणसाच्या मनांत एक शंका यावयास हवी: एका राज्याचा निषेध कोठें संपतो आणि एका जमातीचा द्वेष कोठें सुरू होतो? डाव्या विचाराच्या माणसानें तर ही शंका इतरांहून अधिक काळजीनें बाळगली पाहिजे. समता हें त्याचें ब्रीद आहे, आणि ब्रीद जितकें मोठें तितकी त्याच्या भंगाची लाजही मोठी.

प्रथम जें स्पष्ट आहे तें सांगून टाकूं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासच्या लोकांनीं इस्राएलच्या दक्षिण भागांत सुमारें १,२०० माणसें मारलीं आणि सुमारें २५० माणसें ओलीस नेलीं. त्यानंतर इस्राएलनें जें युद्ध चालविलें त्यांत, गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणें, ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामापर्यंत ६७,००० हून अधिक पॅलेस्टिनी माणसें मृत्यु पावलीं. जानेवारी २०२४ मध्यें आंतरराष्ट्रीय न्यायालयानें इस्राएलला अंतरिम आदेश दिले. नोव्हेंबर २०२४ मध्यें आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानें त्या देशाच्या पंतप्रधानांविरुद्ध व माजी संरक्षणमंत्र्यांविरुद्ध अटकेचीं वॉरंटें काढलीं. अशा राज्याला जाब विचारणें हा द्वेष नव्हे. तो जाब कडक शब्दांत विचारला म्हणूनही त्याचा द्वेष होत नाहीं. शब्दांचा कडकपणा ही द्वेषाची खूण मानली, तर जगांतील कोणत्याच जुलुमाविरुद्ध कोणी तोंड उघडूं शकणार नाहीं.

याचा पुरावा दूर शोधावयास नको. इस्राएल राज्यावर अत्यंत झोंबणारी टीका करणाऱ्यांत आपले मराठी बोलणारे बेने इस्राएलच होते. राज्य स्थापन झाल्यावर त्यांतील कित्येक कुटुंबें मोठ्या श्रद्धेनें तिकडे गेलीं. तेथें वर्णावरून आपल्याला कमी लेखलें जातें, कामाधंद्यांत दुजाभाव होतो, अशी तक्रार करून बीरशेबा येथील कांहीं जणांनीं १९५१ च्या सुमारास धरणें धरलें आणि आम्हांला परत पाठवा अशी मागणी केली. १९५२ सालीं त्यांतील कांहीं कुटुंबें मुंबईस परत आलीं. पुढें १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें असा नियम काढला कीं, बेने इस्राएल माणसाला इतर ज्यूंशीं विवाह करावयाचा असल्यास त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनीं शतकानुशतकें कोंकणांत शब्बाथ पाळला, त्यांच्याच ज्यूपणाविषयीं संशय! लोकांनीं निदर्शनें केलीं, राजधानींत ठाण मांडलें. अखेर ऑगस्ट १९६४ मध्यें तेथील संसदेला ठराव करावा लागला कीं, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. आतां या आंदोलकांना ज्यूद्वेष्टे म्हणण्याचें धाडस कोण करील? त्यांनीं राज्याच्या कृत्यावर बोट ठेवलें, तें कृत्य बदलण्यासारखें होतें, आणि तें बदललें. टीकेचें खरें स्वरूप यांत दिसून येतें. कर्त्याला दुसरें कांहीं करतां आलें असतें, असें टीका गृहीत धरते. म्हणूनच ती त्याला जबाबदार धरते.

द्वेषाचें गृहीत याच्या उलट असतें. ‘ते तसेच’ हें त्याचें एकच वाक्य. तेथें कृत्य हें निमित्त, माणसाचें असणें हाच गुन्हा. आणि दुर्दैवानें, हा द्वेष टीकेचीं वस्त्रें लेवून डाव्यांच्या घरांत शिरल्याचीं उदाहरणें इतिहासांत आहेत. १९५२ सालीं प्रागमध्यें रुडॉल्फ स्लान्स्की व त्याचे सहकारी अशा १४ कम्युनिस्ट पुढाऱ्यांवर खटला झाला. त्यांतील ११ जण ज्यू कुळांतले होते. आरोपांत झिओनवादी कटाची भाषा होती. ११ जणांना फांशी झाली. जानेवारी १९५३ मध्यें मॉस्कोंत डॉक्टरांवर, त्यांतून विशेषेंकरून ज्यू डॉक्टरांवर, पुढाऱ्यांना ठार मारण्याच्या कटाचा आळ घेण्यांत आला; स्टॅलिनच्या मृत्यूनंतर तो आळ खोटा असल्याचें सरकारनेंच कबूल केलें. १९६८ सालीं पोलंडमध्यें ‘झिओनवादविरोधी’ मोहीम निघाली आणि तिच्यामुळें सुमारें १३,००० ज्यूंना देश सोडावा लागला. त्यांतले पुष्कळ जण हिटलरच्या संहारांतून कसेबसे वांचलेले होते. या तिन्ही ठिकाणीं आरोपाला दुसरें नांव दिलें होतें. पण यादी काढण्यांत आली ती कुळावरूनच. अलीकडचें उदाहरण हवें असल्यास, ऑक्टोबर २०२० मध्यें ब्रिटनच्या समता व मानवी हक्क आयोगानें मजूर पक्षाविषयीं निष्कर्ष काढला कीं, ज्यू सभासदांच्या छळाच्या बाबतींत पक्षानें कायद्याचा भंग केला होता.

समतावादी माणसाच्या हातून असें कां व्हावें? माझ्या मतें याचें कारण त्याच्या विचारपद्धतींतच सांपडतें. दारिद्र्याचें मूळ व्यक्तींत नसून व्यवस्थेंत आहे, असें तो मानतो. आणि तें पुष्कळ अंशीं खरेंही आहे. पण व्यवस्था डोळ्यांना दिसत नाहीं. संतापलेल्या मनाला चेहरा हवा असतो. युरोपांत तो चेहरा सावकारी करणाऱ्या ज्यूचा म्हणून शतकानुशतकें रंगविलेला तयारच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन समाजवाद्यांना हा धोका दिसला होता. ज्यूद्वेष म्हणजे मूढांचा समाजवाद, असें त्यांच्यांत म्हटलें जाई. तरीही २०१२ सालीं लंडनच्या एका भिंतीवर, गरिबांच्या उघड्या पाठींवर पट मांडून डाव खेळणाऱ्या धनिकांचें चित्र निघालें, आणि त्यांतले चेहरे जुन्या ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांच्या वळणाचे असल्याचा आक्षेप पुढें आला. चित्रकाराला भांडवलशाहीवर प्रहार करावयाचा असेल. पण हात गेला तो जुन्या मुखवट्याकडे.

हा मोह युरोपापुरता नाहीं हें समजण्यासाठीं आपल्याच इतिहासाचें एक पान उलटूं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, आणि दंग्याचें लोण पुणें व नगर या जिल्ह्यांतील अनेक गांवांत पोंचलें. या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता तो कर्जखतांवर. खतें हातीं पडलीं कीं तीं जाळीत, आणि सावकारानें तीं मुकाट्यानें दिलीं तर बहुधा त्याच्या जिवाला अपाय होत नसे. अन्यायाचें साधन नष्ट करावें, माणूस नष्ट करूं नये, हा विवेक त्या निरक्षर शेतकऱ्यांनीं संतापाच्या भरांतही पुष्कळसा राखला. परंतु त्याच दंग्याची दुसरी बाजूही आहे. हल्ला झाला तो जवळजवळ सर्वत्र मारवाडी व गुजर सावकारांवर. तेंच व्याज घेणारे स्वजातीय वा ब्राह्मण सावकार बहुतेक ठिकाणीं सुटले. खत जाळलें तेव्हां ते व्यवस्थेशीं लढत होते. कोणाचें खत जाळावयाचें हें जातीवरून ठरविलें तेव्हां त्यांच्या लढ्यांत दुसरेंच कांहीं मिसळलें. न्याय व द्वेष एकाच हातांत, एकाच दिवशीं असूं शकतात. म्हणूनच ते वेगळे करण्याचें काम बुद्धीला जाणूनबुजून करावें लागतें.

मिरा-भाईंदरच्या रहिवाशाला हें सांगण्याचीही गरज नसावी. २०२५ सालीं या शहरांत एका दुकानदाराला मराठी न बोलल्यावरून एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनीं मारहाण केली. व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेवून मोर्चा काढला, आणि पांचसहा दिवसांनीं मराठीच्या बाजूनें दुसरा मोर्चा निघाला. महाराष्ट्रांत मराठीला मान मिळावा ही मागणी न्याय्य आहे. पण त्या मागणीचें उत्तर एका दुकानदाराच्या गालावर शोधलें, कीं ती मागणी न राहतां दुसरेंच कांहीं होऊन बसते. त्याआधीं जानेवारी २०२४ मध्यें मिरा रोडला दोन जमातींत चकमक झाली आणि एकदोन दिवसांतच नया नगर भागांतील बांधकामांवर बुलडोझर फिरला. त्या वेळीं ज्या डाव्या मंडळींनीं, कांहीं तरुणांच्या कृत्याबद्दल साऱ्या वस्तीला शिक्षा कां, असा प्रश्न केला, त्यांचा प्रश्न योग्य होता. मात्र तोच प्रश्न तेल अवीवमधील मंत्र्यांच्या कृत्याबद्दल ठाण्याच्या ज्यू कुटुंबाला जाब विचारणाऱ्यालाही करावयास हवा. १८७९ पासून ठाण्यांत बेने इस्राएलांचें सिनेगॉग आहे. तेथें शनिवारीं प्रार्थनेला येणाऱ्या माणसाचें गाझांतील बाँबवर्षावांत तितकेंच कर्तृत्व आहे, जितकें नया नगरांतील शिंप्याचें कराचीच्या कारस्थानांत असतें.

तर मग टीका व द्वेष यांतला भेद ओळखावा कसा? तीन प्रश्न पुरेसे वाटतात. पहिला: वाक्याचा कर्ता कोण आहे? सरकार, सैन्य, वसाहतवाले, अमुक कायदा, असा कर्ता असेल तर ती टीका. ‘ज्यू’ असा कर्ता असेल, किंवा ‘झिओनवादी’ म्हणत असतां ज्यूच अभिप्रेत असतील, तर तेथें थांबावें. दुसरा: ज्या ज्यू शेजाऱ्याचा या प्रकरणाशीं संबंध नाहीं, त्याच्याकडून आपण पहिल्यानें निषेधाचा दाखला मागतों काय? भल्या माणसांत बसूं देण्यापूर्वीं एका जमातीलाच अशी परीक्षा द्यावी लागत असेल, तर परीक्षकाचेंच मन तपासावें. तिसरा: सांगितलेल्या गोष्टींत पुरावा आहे कीं जुनें कुभांड? ‘या बाँबनें इतकीं मुलें मेलीं’ हें विधान तपासतां येतें, आणि तें खरें असेल तर तें मोठ्यानें सांगणें हें कर्तव्य आहे. ‘जगांतील सारा पैसा व सारीं वर्तमानपत्रें त्यांच्याच मुठींत आहेत’ हें मात्र तपासण्यासाठीं सांगितलेलेंच नसतें.

यावर कांहीं आक्षेप येतील. कोणी म्हणेल, इस्राएल स्वतःच आपल्याला ज्यूंचें राज्य म्हणवितें. १९५० च्या कायद्यानें जगांतील कोणाही ज्यूला तेथें येण्याचा हक्क दिला आहे, २०१८ च्या कायद्यानें तें ज्यूंचें राष्ट्र असल्याचें पुन्हां घोषित केलें आहे. मग आम्हींच भेद कां करावा? उत्तर सोपें आहे. राज्य ज्याच्या नांवानें बोलतें, त्यानें तें मुखत्यारपत्र दिलेलें असतेंच असें नाहीं. पाकिस्तान स्वतःला इस्लामी प्रजासत्ताक म्हणवितें. म्हणून भारतांतील मुसलमानाला त्याच्या कृत्यांचा जबाबदार धरणारा माणूस न्यायी ठरत नाहीं. जो नियम येथें, तोच तेथें.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्यू राष्ट्राची कल्पनाच ज्याला मान्य नाहीं, तो ज्यूद्वेष्टा काय? केवळ तेवढ्यावरून नव्हे. नोव्हेंबर १९३८ मध्यें गांधीजींनीं ‘हरिजन’मध्यें जर्मनींतील ज्यूंच्या छळाबद्दल कळवळ्यानें लिहिलें, आणि त्याच लेखांत पॅलेस्टाइनवरील त्यांच्या राष्ट्रीय हक्काला विरोधही केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं संयुक्त राष्ट्रांत भारतानें फाळणीच्या योजनेविरुद्ध मत दिलें. यूरोपांतील कित्येक ज्यू कामगारच झिओनवादाच्या विरुद्ध होते. एखादें राष्ट्र कसें असावें, त्याच्या सीमा कोठें असाव्यात, हा राजकीय वादाचा विषय आहे. परंतु जगांतील प्रत्येक लोकसमूहाला स्वयंनिर्णयाचा हक्क देऊन एकट्या ज्यूंना तो नाकारणें, किंवा आज तेथें जन्मून वाढलेल्या लाखों माणसांनीं निघून जावें अशी इच्छा धरणें, हा राजकीय मतभेद नव्हे. १९७५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं झिओनवाद हा वंशवादाचा प्रकार आहे असा ठराव केला, त्याला भारतानें मत दिलें. १९९१ सालीं तो रद्द करण्यासही भारतानें मत दिलें. दोन्ही वेळच्या राजकारणाचीं कारणें कांहीं असोत, एका शब्दांत साऱ्या लोकांचा निकाल लावूं नये, एवढा बोध त्यांतून घेण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप विरुद्ध बाजूचा आहे: जगांत इतके जुलूम चालू असतां तुम्हांला इस्राएलच कां दिसतें? या प्रश्नांत तथ्य आहे, पण थोडें. कोणाचेंही हृदय साऱ्या पृथ्वीला पुरत नाहीं. जो एका ठिकाणच्या दुःखासाठीं रडतो, त्याला दुसऱ्या ठिकाणीं न रडल्याबद्दल खोटा म्हणतां येत नाहीं. मात्र निवडीचें कारण त्यानें स्वतःला विचारावें. पीडितांबद्दलच्या करुणेनें निवड झाली असेल, तर ओलीस नेलेल्या मुलाबद्दलही दोन शब्द सहज निघतात. ते निघतांना घसा दाटत असेल, तर पाणी कोठें मुरतें आहे तें पाहावें.

डाव्यांचा दोष सांगतांना त्यांच्या विरोधकांचा दोष झांकण्याचें कारण नाहीं. इस्राएलवरील प्रत्येक टीकेला ज्यूद्वेष म्हणणारा माणूसही ज्यू आणि राज्य यांचें तेंच समीकरण मांडतो. फरक एवढाच कीं, एक त्या समीकरणानें शिव्या देतो व दुसरा तोंड बंद करतो. शिवाय इस्राएलची वाहवा ही ज्यूंवरील प्रेमाची खूण असतेच असें नाहीं. २००६ सालीं नवी मुंबईंत हिटलरच्या नांवाचें उपाहारगृह निघालें, आणि ज्यू समाजानें हरकत घेतल्यावर तें नांव बदलावें लागलें. हिटलरचें आत्मचरित्र मुंबईच्या फुटपाथांवर खपत आलें आहे. तें हौसेनें विकत घेणारा माणूस इस्राएलच्या लष्करी पराक्रमाचेंही कौतुक करीत असतो, कारण त्याला दोहोंकडे सामर्थ्यच तेवढें दिसतें. अशा कौतुकापासून बेने इस्राएल शेजाऱ्यानें काय आधार घ्यावा?

हा भेद म्हणजे केवळ शब्दांचा कीस नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर जो हल्ला झाला, त्यांत कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्यें तरुण रब्बी, त्याची पत्नी व त्यांचे पाहुणे मारले गेले. त्यांतील कोणी इस्राएलचें धोरण ठरविलेलें नव्हतें. आपल्या भूमींत ज्यूंचा छळ शेजाऱ्यांकडून झाला नाहीं, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. तो हल्ला बाहेरून आला. पण त्यानंतर प्रार्थनास्थळांपुढें पहारा बसला, आणि भारतांत उरलेल्या कांहीं हजार बेने इस्राएलांना आपलें नांव उच्चारतांना पूर्वीं कधीं करावा न लागलेला विचार करावा लागूं लागला. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. परंतु दाराशीं उभ्या असलेल्या शिपायापेक्षां शेजारच्या ओठांवरचा शब्द माणसाला अधिक निर्भय किंवा अधिक भयभीत करीत असतो.

कोणी म्हणेल, घोषणेंत व्याकरण कोण पाहतो? हजारों कंठांतून निघणाऱ्या दोन शब्दांत इतका विवेक कोठून आणावा? परंतु घोषणा रचणारे कोणी तरी असतातच, आणि ते बहुधा शिकलेले असतात. ‘इस्राएल मुर्दाबाद’ आणि ‘गाझांतील संहार थांबवा’ या दोन्ही घोषणा सारख्याच जोरानें देतां येतात. पहिली इस्राएल आळींतल्या म्हातारीच्या कानीं पडली तर तिला आपल्याच नांवाचा उच्चार ऐकूं येईल. दुसरी ऐकून ती कदाचित् तुमच्याबरोबर दोन पावलें चालेल, कारण त्या राज्याशीं कसें भांडावें हें तिच्या आप्तांनींच १९६४ पर्यंत दाखवून दिलें होतें. सभेंत कोणी ज्यूंच्या पैशाची, कटाची भाषा बोलूं लागला, तर त्याला तेथेंच थांबविणें हें व्यासपीठावरच्या माणसाचें काम आहे. विरोधकानें टोकल्यावर खुलासा करणें नव्हे. आपल्याच बाजूच्या माणसाला टोकणें जड जातें, सभेचा रंग बिघडतो, मित्र रुसतात. एवढी किंमत देण्याची तयारी असेल त्यानें गाझासाठीं अवश्य आवाज उठवावा. त्याच्या आवाजाला कोणी द्वेष म्हणाला, तर त्याच्यापाशीं उत्तर असेल.